परवा. नाही

२९ ऑगस्ट

ती. बाबांना नमस्कार,

पोचल्याचा फोन झाला, पण त्यात आई रडली, तुम्ही "बरं, बरं" म्हणालात आणि वेळ संपली. घरी महिन्यातून एकच फोन करायचा असा इथला नियम आहे. त्याने मुलं लवकर रुळतात म्हणे. म्हणून हे पत्र.

मी राहते ती खोली आपल्याकडे आलेल्या पाहुणीची. अदलाबदलच ना ही, वर्षभर ती माझ्या पलंगावर आणि मी तिच्या. तिच्या कपाटाचं खालचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही, हे तिने मला सांगितलं नव्हतं. माझ्या खोलीतला पंखा एक तर पाचावर चालतो नाहीतर चालतच नाही, हे मी तरी तिला कुठे सांगितलं? फिट्टंफाट.

तिची आई, म्हणजे इथल्या काकू, औषधांच्या दुकानात काउंटरवर असतात. स्वभावाने चांगल्या आहेत. फक्त माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा सांगतात, एकदा जेवणाआधी, एकदा जेवणानंतर.

गाव छोटं आहे. एक रस्ता, एक बँक, दोन केस कापायची दुकानं आणि आमची शाळा. दहा मिनिटांत संपतं. पहिल्याच आठवड्यात मी ते चौदा वेळा संपवलं. खरं शहर बसने चाळीस मिनिटांवर आहे. शाळेने आम्हाला एकदा नेलं होतं. आम्ही तीस जणं, सगळ्यांच्या अंगात नारिंगी जाकिटं, पुढे मिटलेली छत्री उंच धरून चालणाऱ्या बाई. तीन इमारती बाहेरून पाहिल्या, एक पुतळा मागून पाहिला आणि स्वच्छतागृह तेवढं आतून पाहिलं. एका गल्लीत नुसती जुनी दारं विकायला उभी करून ठेवली होती. मला तिथे थांबायचं होतं, पण छत्री पुढे गेली.

बाबा, मला त्या शहरात शनिवारी एकटीने जायचंय. सकाळी नऊ वाजून दहाची बस, संध्याकाळी सहाच्या आत घरी. आमच्यावर लक्ष ठेवायला ही अदलाबदल करणाऱ्या संस्थेच्या एक बाई आहेत. त्यांना आम्ही सगळे देखरेखबाई म्हणतो. सगळे म्हणजे मीच, बाकीच्यांना मराठी येत नाही. त्यांना घरून लेखी परवानगी लागते. तेवढी पाठवा. दोन ओळी पुरेत, तुमच्या हिशेबाने दीड.

भिंगरी


१० सप्टेंबर

चि. भिंगरी, अनेक आशी.

पत्र मि. इकडे सर्व ठीक. आगारात तीन गाड्या ब्रेकडा., दोन चालक रजेवर, त्यामुळे उत्तराला उ. झाला. तुझी आई म्हणते, लेकीला लिहिताना तरी अख्खे शब्द लिहा. पण सत्तावीस वर्षं कंट्रोलरच्या वहीत अर्ध्या इंचाच्या रकान्यात लिहितो आहे. हात आता तसाच चालणार.

पाहुणी हुशार आहे. आठ दिवसांत आगाराचं वेळापत्रक तोंडपाठ केलं. आता चुकलेल्या प्रवाशांना तीच गाडी सांगते. मराठी मोडकं, पण वेळ बिनचूक. परवा शहरात एकटी जाऊन आली. मी स्वतः सव्वाआठच्या गाडीत बसवून दिली, चालकामागची सीट. संध्या. हसत परत. धीट पोर. सगळ्या आगाराने कौ. केलं.

तुझ्याबाबत : शहरात एकटी जाण्यास परवा. नाही. अभ्यासात लक्ष दे. तिथल्या काकूंना कामात मदत कर.

आई ठीक. चालक-वाहकांचे चाळीस युनिफॉर्म शिवायला आलेत. मशीन दिवसभर चालू. तिचे आशी.

बाबा


२८ सप्टेंबर

ती. बाबा,

तुमचं पत्र वाचलं आणि माझा डोळ्यांवर विश्वासच बसेना. "शहरात एकटी जाण्यास परवा नाही." तुम्ही, बाबा! गल्लीच्या टोकाला दूध आणायला गेले तरी दारात उभे राहणारे तुम्ही! मला वाटत होतं तुम्ही साफ नाही म्हणणार. आणि तुम्ही म्हणता, पर्वा नाही, जा. मी काकूंना त्यांच्या भाषेत तसंच सांगितलं, "वडिलांची काही हरकत नाही." त्यांनी ते देखरेखबाईंना कळवलं आणि मी दोन शनिवार जाऊन आले.

तुम्हीच म्हणता ना, गाव बघायचं तर गाडीच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जावं, मधलं आपोआप दिसतं. म्हणून पहिल्या शनिवारी चार नंबरची बस धरली आणि टोकापर्यंत बसून राहिले. शेवटी एक टायरांचं आवार, एक बंद पडलेला कारखाना आणि भिंतीला टेकून डबा खाणारे तीन चालक. तिथे पत्र्याच्या खोलीत एक कंट्रोलरबाई बसली होती. पुढ्यात लांबलचक वही आणि अर्ध्या इंचाचे रकाने. देवाशपथ सांगते, मला हसू आवरेना. तिने विचारलं, "कुठे जायचंय?" मी म्हटलं, "इथेच." ती म्हणाली, "इथे कुणी येत नाही." मी म्हटलं, "आता आले ना." मग तिने मला शेजारची खुर्ची दिली आणि वही दाखवली. तीसुद्धा अर्धेच शब्द लिहिते.

दुसऱ्या शनिवारी दारांची गल्ली शोधायला निघाले आणि चुकीच्या थांब्यावर उतरले. कपडे धुऊन देण्याच्या दुकानातल्या बाईला रस्ता विचारला. मी गल्लीचं नाव चुकीचं उच्चारलं. तिने ते माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, चौथ्यांदा बरोबर आलं, तेव्हा कुठे उजवीकडे बोट केलं. मी तिच्यावर जाम चिडले होते. पण ते नाव आता मरेपर्यंत चुकणार नाही.

दारंवाला म्हातारा आहे. म्हणाला, "कुठलं पाहिजे?" मी म्हटलं, "नुसती बघतेय." तो म्हणाला, "दार बघायचं असेल तर उघडून बघतात." मग मी एकेक करत बावीस दारं उघडली आणि लावली. मागे काहीच नव्हतं, नुसती भिंत. तरी दर वेळी कडीला हात लावताना आत काय असेल असं वाटायचंच.

सहाला दहा कमी असताना घरी पोचले, दोन्ही वेळा. सोबत चार नंबरच्या सगळ्या थांब्यांचा नकाशा काढून पाठवते आहे. एकोणतीस थांबे आहेत. तुम्हाला आवडेल.

भिंगरी


९ ऑक्टोबर

भिंगरी,

हे पत्र मी पूर्ण शब्दांत लिहितो आहे. उगाच कुणाला काही समजलं नाही असं व्हायला नको.

"परवा" नंतर मी टिंब दिलं होतं. टिंब! त्याचा अर्थ पुढचा शब्द तोडला आहे. परवानगी. शहरात एकटी जाण्यास परवानगी नाही. फिकीर या अर्थाच्या "पर्वा"ला रफार असतो, हे तुला दुसरीत शिकवलं होतं आणि मीच शिकवलं होतं. तुला चष्मा लागलाय की शिंगं फुटलीत? सत्तावीस वर्षांत माझं टिंब एकाही चालकाने चुकीचं वाचलं नाही. त्यांतले दोन तर निरक्षर होते.

तुझी आई म्हणते, पोरीला खरंच कळलं नसेल. तुझ्या आईला तुझी अक्कल माहीत नाही. मला माहीत आहे. तुला भिंगरी हे नाव तिनेच ठेवलं, आता ते तुझ्या पायाला लागलंय.

परका देश, परकी भाषा. चुकीच्या थांब्यावर उतरतेस आणि वर ते मलाच कौतुकाने लिहितेस. उद्या तिथे काही कमीजास्त झालं तर मी इथून कुठली गाडी सोडू? इथे रोज दोन चौकशा येतात, "लेक कशी आहे, साहेब?" मी सांगतो, शाळा आणि घर, घर आणि शाळा. मला खोटं पाडलंस.

पाहुणी पुन्हा शहरात जाऊन आली, हे तुला कळेलच, म्हणून आधीच सांगतो. तिची गोष्ट वेगळी आहे. तिच्या आईने लेखी दिलेलं आहे.

यापुढे एक पाऊल जरी गावाबाहेर टाकलंस, तर मी स्वतः त्या देखरेखबाईंना सगळं कळवीन.

बाबा

ता. क. नकाशात सतरा आणि अठरा नंबरचे थांबे फार जवळ दाखवले आहेस. इतक्या जवळ कुणी थांबे देत नाही.


२१ ऑक्टोबर

ती. बाबा,

कळवायचे कष्ट घेऊ नका. मीच कळवलं.

टिंब मला दिसलं होतं. पहिल्याच वेळी दिसलं. बोटाने पुसून पाहिलं, पण शाई पक्की होती. मग मी ठरवलं की हे टिंब नाही, पेन टेकलंय. रफाराचं म्हणाल, तर मी निघताना दिलेल्या सूचनांच्या कागदावर "गर्दी"चा रफार तुम्हीही खाल्ला होता, म्हणून मला धीर आला. पण तुमचं हे पत्र आल्यावर काकू म्हणाल्या, "वडील काय लिहितात?" त्या काउंटरवरून नुकत्या घरी आल्या होत्या, पायांतले बूटही काढले नव्हते. माझ्या शनिवारच्या डब्याला लागेल म्हणून पाव घेऊन आल्या होत्या. माझ्याने दुसऱ्यांदा खोटं बोलवेना. सांगून टाकलं. त्या दोन दिवस माझ्याशी एकेकच वाक्य बोलल्या, तेही एकदाच.

त्यांची माफी मागितली, मनापासून मागितली. तुमचीही मागते, तुमच्या अक्षराशी लबाडी केली म्हणून. पण शहरात गेले याची माफी मी मागणार नाही. देखरेखबाईंनी तेच विचारलं, "पश्चात्ताप होतो का?" मी म्हटलं, खोटं बोलल्याचा होतो, गेल्याचा नाही. त्या म्हणाल्या, "असं उत्तर द्यायचं नसतं." मी म्हटलं, मग प्रश्न बदला. हे जरा जास्त झालं, मला मान्य आहे.

त्यांनी आता असं ठरवलंय : सोबतचा फॉर्म घरून सही होऊन १५ नोव्हेंबरच्या आत आला, तर मी इथे राहायचं आणि शनिवारी शहरातही जायचं. नाही आला, तर घरच्यांचा माझ्यावर विश्वास नाही असं धरून मला परत पाठवणार. मधलं काही नाही.

बाबा, आपल्या गावात मी कुठल्या थांब्यावर उतरले हे मी घरी पोचायच्या आत तुम्हाला कळलेलं असतं. वाहक सांगतो, चालक सांगतो, पानवालासुद्धा सांगतो. मैत्रिणीकडे जाताना एकदा एक थांबा आधी उतरले, तर रात्री जेवताना तुम्ही विचारलंत, "आज तिथे काय काम होतं?" काहीच काम नव्हतं, बाबा. नुसतं चालायचं होतं. त्या शहरात मी चुकीच्या थांब्यावर उतरले आणि कुणीही कुणाला सांगितलं नाही. मला इतका आनंद झाला की रडू आलं. हे तुम्हाला लागेल, पण खरं आहे.

आणि पाहुणीचं काय? परका देश, परकी भाषा तिलाही आहे. तिला चालकामागची सीट आणि कौतुक, मला टिंब? ती दुसऱ्यांची लेक म्हणून धीट, मी तुमची म्हणून आगाऊ?

मागच्या तारखेची परवानगी नको, तुम्ही खोटी नोंद करत नाही हे मला माहीत आहे. यापुढची द्या. नाही दिलीत तर मी परत येईन, कारण ते पाठवतीलच. पण मान खाली घालून येणार नाही. आगाराच्या गेटवर कुणी विचारलं, का परत आलीस, तर मोठ्यांदा सांगेन : बाबांनी सही केली नाही म्हणून.

भिंगरी

ता. क. सतरा आणि अठरा खरंच तेवढेच जवळ आहेत. मोजले. एकशेचाळीस पावलं.


१ नोव्हेंबर

भिंगरी,

फॉर्म मि. सही हो. नाही.

आगारात माझ्या शिट्टीशिवाय गाडी हलत नाही, आणि माझ्याच घरची पोर मला न विचारता शहर पालथं घालते. वर मला गेटवर उभं करून धमकी देते. आधी चोरून जायचं, मग सापडल्यावर परवानगी मागायची, आणि ती मी दिली तर चोरीलाच बक्षीस दिल्यासारखं होईल. उद्या प्रत्येक चालक आधी गाडी काढेल आणि मग शिट्टी मागेल.

तुला आनंदाने रडू आलं ते वाचलं. दोनदा वा. त्यावर मला काही लिहायचं ना.

सामान बांध. तिकीट कुठल्या ता.चं मिळतं ते त्यांना कळवायला सांग. घ्यायला मी येईन.

बाबा


३ नोव्हेंबर

भिंगरी बाळ,

हे पत्र माझं आहे. आजपर्यंत तुझ्या बाबांच्या पत्राच्या शेवटी "आई ठीक" एवढीच मी असायचे. आई ठीक नाही. आईला राग आलाय, आणि आधी तुझाच आलाय, तो ऐकून घे.

तुझी पत्रं बाबा मला वाचून दाखवतात. मी मशीनवर असते, ते दारातल्या खुर्चीत बसून वाचतात, आणि मधेमधे थांबतात. थांबले की मी ओळखते, काहीतरी गाळलं. काल ते ड्यूटीवर गेल्यावर मी मशीन बंद केलं, ड्रॉवर उघडला आणि तुझी सगळी पत्रं स्वतः वाचली. तू एक थांबा आधी उतरून चाललीस हे मला माहीतच नव्हतं. बावीस दारं त्यांनी वाचली होती, कंट्रोलरबाई गाळली होती.

पत्रांखाली तो फॉर्म होता. ती भाषा मला कुठली यायला? पाहुणी शाळेतून आली, तिच्यापुढे ठेवला. ती हाताशी बसून एकेक ओळ बोट ठेवून सांगायला लागली. तिचं मराठी तुला माहीत नाही, ती मला "अहो आई, तू जेवला का" म्हणते. सहीच्या जागेवर आल्यावर म्हणाली, "इथे आई. खाली बाबा. दोनातला एक चालतो."

मी तिला तीनदा विचारलं. दोनातला एक? हो. आई चालते? ती म्हणाली, "पहिली आई लिहिली आहे." आणि वर मला म्हणते, "माझ्या फॉर्मवर पण आईचीच सही आहे."

म्हणजे बघ. फॉर्म दोन दिवस घरात होता. बाबांनी वरची ओळ सोडून खालच्या ओळीवर सही करायची नाही असं ठरवलं आणि ड्रॉवर लावून टाकला. त्यांचं मी समजू शकते, सगळीकडे सही त्यांचीच लागते असं त्यांना सत्तावीस वर्षांत वाटायला लागलंय. पण तू? तुला तर ती भाषा येते. तुला पहिली ओळ दिसली नाही? टिंब दिसलं आणि आई दिसली नाही? ऑगस्टपासून पत्रं लिहितेस, सगळी "ती. बाबा". परवानगी मागायची तर त्यांच्याकडे, भांडायचं तर त्यांच्याशी, परत येईन ही धमकीसुद्धा त्यांनाच. आईला विचारावं हे तुझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. तू एवढी शहाणी, एवढी धीट, आणि इतकं तुला सुचू नये? याचा मला जास्त राग आलाय, आणि तो लवकर जायचा नाही.

फॉर्मवर मी सही केली. ओळ लहान होती, माझं नाव लांब, शेवटची दोन अक्षरं रकान्याबाहेर गेली. जाऊ देत.

संध्याकाळी त्यांच्यापुढे ठेवला. चोरून पाठवायचा नव्हता, एक चोर घरात पुरे. त्यांनी चष्मा लावला, खूप वेळ बघितलं आणि म्हणाले, "शाई निळी आहे. कार्यालयीन कागदाला काळी लागते." मी त्यांच्याच खिशातलं काळं पेन काढलं आणि निळ्या सहीखाली काळी केली. आता दोन आहेत. म्हणाले, "मी नाही म्हटलेलं आहे." मी म्हटलं, "तुम्ही तुमच्या ओळीवर म्हटलंय. ही माझी ओळ आहे."

मग आवाज चढला. त्यांचा चढला तसा माझाही चढला. पाहुणी आतून येऊन दारात उभी राहिली, तिला वाटलं इथे आता काहीतरी फुटणार. ते म्हणाले, पोरीला काही झालं तर? मी म्हटलं, मलाही भीती वाटते. तुम्हाला काय वाटतं, भीती सगळी तुमच्या एकट्याच्या वाट्याला आली आहे? पण ती दोनदा जाऊन सहाला दहा कमी असताना घरी आलेली आहे. तुमची एक तरी गाडी अशी वेळेवर येते का?

त्यावर त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. रात्री "पाणी" म्हणाले. मी म्हटलं, पूर्ण वाक्यात मागा. नाही मागितलं, उठून स्वतः घेतलं. आज सकाळी डबा उचलला, दारात थबकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "परदेशी टपाल तीनच्या आत टाकावं लागतं. नंतरचं उद्याच्या गाडीला जातं." आता पावणेदोन झालेत. चाळीसातले नऊ युनिफॉर्म उरलेत, त्यांना आज थांबू दे.

पुन्हा खोटं बोललीस तर मी त्या देखरेखबाईंच्या बाजूने असेन, हे लक्षात ठेव. काकूंना सांग, तुमच्या लेकीने फॉर्म वाचला म्हणून झालं हे. आणि पुढचं पत्र माझ्या नावाने टाक. मला ती कंट्रोलरबाई कशी आहे ते सगळं हवंय. तिचा डबा कोण करतं, तिला घरी कोण विचारतं, की कुणीच नाही.

शनिवारी जा. कुणी विचारलं, कुणाच्या परवानगीने आलीस, तर सांग, आईच्या.

आई